गाथा, नियम आणि मायबोली : सोलापूरच्या परिसरातील प्राकृत-अध्यापनाची वाटचाल

कर्नाटकातील मूडबिद्री येथे धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धान्तग्रंथांच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतके प्राणपणाने जपल्या गेल्या. दूरदूरचे यात्रेकरू तेथे जात, पोथ्यांचे भक्तिभावाने दर्शन घेत आणि परत फिरत. जुन्या कानडी लिपीतील ती अक्षरे वाचणारे आणि वाचून प्राकृताचा अर्थ लावणारे विरळच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या पोथ्यांच्या प्रती करवून घेण्यासाठी पुढाकार घेतला. पुढे १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह मुद्रित झाला, तेव्हा कुठे सामान्य जिज्ञासूला या ग्रंथाचे दार उघडले.

या घटनेत एक मोठा बोध आहे. ग्रंथ जवळ असणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे. ज्या समाजाचे आगम प्राकृतात आहेत, त्या समाजाला प्राकृत शिकवायचे कसे, हा केवळ शिक्षणशास्त्राचा प्रश्न राहत नाही. ज्ञानाचा वारसा टिकण्याचा तो प्रश्न बनतो. सोलापूर आणि दक्षिण महाराष्ट्राच्या परिसरात या प्रश्नाला मिळालेले उत्तर कोणत्याही एका पद्धतीचे नव्हते.

पाठशाळेची रीत

सर्वांत जुनी रीत पाठांतराची. मंदिराच्या सोप्यात भरणाऱ्या पाठशाळेत बालक प्रथम णमोकार मंत्र शिकतो. मग स्तोत्रे, तत्त्वार्थसूत्र आणि नेमिचंद्राचार्यांचा द्रव्यसंग्रह असा क्रम लागतो. द्रव्यसंग्रहाच्या गाथा अवघ्या ५८. त्यामुळे तो मुखोद्गत करणे कठीण नाही. गाथा म्हणावी, तिचा अन्वय लावावा, शब्दार्थ सांगावा आणि शेवटी भावार्थ, अशी ही पायऱ्यांची मांडणी होय.

या रीतीचे सामर्थ्य कानात आहे. गाथेचा छंद, ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरांचा आघात हे सारे नियम न सांगता अंगवळणी पडते. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पाठ असलेल्या गाथेचा अर्थ विद्यार्थी सांगू शकतो. पण अनोळखी गाथा समोर आली की थबकतो. त्यातच गाथेखाली संस्कृत छाया छापण्याचा प्रघात पडला. छाया ही आधाराची काठी खरी. परंतु संस्कृत जाणणारा वाचक बहुधा छायाच वाचतो आणि मूळ प्राकृत दृष्टिआड होते.

व्याकरणाची शिस्त

दुसरी रीत व्याकरणाची. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ रचले व त्याचा आठवा अध्याय प्राकृतासाठी राखून ठेवला. महाराष्ट्री, शौरसेनी, मागधी, पैशाची, चूलिका-पैशाची आणि अपभ्रंश यांचे नियम त्यात आले. मात्र आचार्य नियमांवर थांबले नाहीत. अपभ्रंशाच्या सूत्रांना त्यांनी लोकांत रुळलेल्या दोह्यांची उदाहरणे दिली आणि नियमांचा प्रत्यक्ष प्रयोग दिसावा म्हणून ‘द्व्याश्रय’ काव्य लिहिले. त्याचे अखेरचे आठ सर्ग प्राकृत-अपभ्रंशात असून ते ‘कुमारपालचरित’ या नावाने ओळखले जातात. राजाचे चरित्र वाचता वाचता व्याकरणाची उजळणी व्हावी, अशी ही योजना. दोन पद्धतींचा मेळ घालण्याची कल्पना आपल्या परंपरेत अशी जुनीच आहे.

हेमचंद्रांचा विद्यार्थी आधी संस्कृत शिकलेला असे. सूत्रे संस्कृत रूपापासून निघतात आणि प्राकृत रूपाशी पोहोचतात. विसाव्या शतकातील सोलापूरच्या शाळकरी मुलाकडे ही शिदोरी नव्हती. म्हणून प्रारंभबिंदू बदलणे भाग पडले.

विद्यापीठीय वळण

हा बदल घडवण्यात नव्या पाठ्यपुस्तकांचा वाटा मोठा आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८६४ व १८६८ मध्ये संस्कृतची दोन पुस्तके सिद्ध केली होती. थोडे व्याकरण, थोडे शब्द आणि लगेच दोन्ही दिशांनी भाषांतराची वाक्ये, हा त्यांचा साचा शाळांतून रुजला. प्राकृतासाठी जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी १८८६ मध्ये महाराष्ट्रीतील निवडक कथांचे पुस्तक काढले. व्याकरण, कथा व शब्दकोश एकाच बांधणीत आले. लाहोरहून १९२३ मध्ये बनारसीदास जैन यांचे अर्धमागधी वाचन-पुस्तक निघाले. मुंबई विद्यापीठात व पुढे शालान्त परीक्षेच्या विषयांत अर्धमागधीचा समावेश झाल्यावर पुस्तकांची निकड वाढली. डॉ. प. ल. वैद्य यांचे अर्धमागधी व्याकरण १९३३ मध्ये आले, डॉ. अ. मा. घाटगे यांचे अर्धमागधी-प्रवेशाचे पुस्तक कोल्हापुरातून प्रसिद्ध झाले.

या वळणामुळे अनोळखी उतारा स्वबळाने वाचण्याची शक्ती आली. पण हानीही झाली. प्राकृत मुखातून उतरून वहीत गेले. परीक्षेत गुण मिळवून देणारा विषय एवढीच ज्यांना त्याची ओळख राहिली, त्यांचे प्राकृत परीक्षेबरोबरच संपले.

मायबोलीचा पूल

तिसरी वाट घरातूनच निघते. मराठी ही महाराष्ट्री प्राकृताच्या वंशातील भाषा. संस्कृतातील ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ होतो आणि मराठीत ‘हात’. ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’; ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’; ‘दुग्ध’, ‘दुद्ध’, ‘दूध’; ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’. जोडाक्षर आधी सारखे होते, मग त्यातील एक व्यंजन गळते आणि मागचा स्वर दीर्घ होतो. चार-पाच त्रिकुटे फळ्यावर लिहिली की हा नियम मुले स्वतःच सांगू लागतात. सांगितलेला नियम विसरतो. शोधलेला सहसा विसरत नाही.

सोलापूर हे बहुभाषिक नगर. येथील हुमड कुटुंबांत गुजराती वळणाची बोली चालत आली. गुजरातीतील ‘हाथ’, ‘कान’, ‘सात’ हेही त्याच प्राकृताचे वारस आहेत. कानडी बोलणाऱ्या घरातील मुलाला मात्र हा पूल तितका जवळचा नाही. त्याला पाठांतराचा व व्याकरणाचा आधार अधिक लागतो. एकच पद्धत सर्वांना पुरत नाही, याचा याहून सोपा दाखला नसावा.

सोलापुरातील संगम

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये गजपंथा येथे विद्वानांना एकत्र करून जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना केली. त्यासाठी त्यांनी तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची संपत्ती संघाच्या स्वाधीन केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ति’ हा होय. त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये व दुसरा १९५१ मध्ये निघाला. संपादक होते डॉ. हिरालाल जैन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात १९३० पासून अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये.

उपाध्ये यांचा पिंड अध्यापकाचा. १९३५ च्या त्यांच्या ‘प्रवचनसारा’त मूळ गाथा, दोन संस्कृत टीका, हिंदी टीका आणि इंग्रजी अनुवाद एकत्र नांदतात. ‘तिलोयपण्णत्ति’तही मूळ पाठाला हिंदी अनुवादाची जोड आहे. पाठशाळेतून आलेला, महाविद्यालयातून आलेला आणि केवळ देशभाषा जाणणारा असे तिन्ही वाचक एकाच ग्रंथाशी बसू शकतात. याच मालेने १९५४ मध्ये डॉ. वैद्य यांनी संपादिलेले त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण प्रकाशित केले आणि मराठी जैन साहित्यालाही स्थान दिले.

या संगमाचे फळ सोलापूरने पाहिले. येथील श्राविका संस्थेच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी षट्खंडागमाचे संपादन केले व १९६५ मध्ये ते फलटणहून प्रकाशित झाले. ज्या आगमाचे एके काळी दुरून दर्शन घ्यावे लागे, त्याचे संपादन एका विदुषीच्या हातून व्हावे, ही शिक्षणाच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. माय-लेकींचा हा सन्मान उचितच आहे. परंतु दर्जा शासन देऊ शकते. वाचक पाठशाळेलाच घडवावे लागतात. कानाला गाथा, बुद्धीला नियम आणि ओठांवरच्या मायबोलीचा हात, या तिन्ही गोष्टी एका वर्गात एकत्र आल्या, तरच पुढच्या पिढीला ग्रंथाचे केवळ दर्शन न घडता त्याचे वाचन घडेल.