लोणारचा लवणासुर



बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेथील लवणासुराची कथा मी लहानपणी आजीकडून ऐकली. हा असुर जमिनीखाली दडून राही व वर येऊन लोकांना छळी. तेव्हा विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींना मोहात पाडून त्याचा ठाव काढला, बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले व त्याचा वध केला. झाकण दूर धातेफळजवळ पडून त्याची टेकडी झाली. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त, आणि खार हे त्याचे मांस! गावातील सुंदर कोरीव देऊळ दैत्यसूदनाचे, म्हणजे दैत्य मारणाऱ्या विष्णूचे आहे.

हा असुर आला कोठून? त्याच्या नावातच उत्तर आहे. लवण म्हणजे मीठ. खड्ड्यात चारी बाजूंनी गोड पाणी उतरते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी आटते व खार मागे राहतो. आपला पापडखार ज्या जातीचा, त्याच जातीचा हा. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’तही लोणारच्या वर्णनात साबण व काच करण्याच्या सामानाचा उल्लेख आहे. मला वाटते, खारट पाणी आधी, असुर मागाहून.

खड्डा मात्र आकाशातून पडलेल्या अशनीने झाला. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तेथील खडक तपासून तसे दाखवून दिले. त्याची रुंदी सुमारे १८०० मीटर आहे. म्हणजे वरून काहीतरी येऊन जमीन फुटली, एवढे कथेतही खरेच निघाले!

आता त्या बहिणी. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, याला ही कथा दाखला म्हणून सांगतात. ते मला पटत नाही. त्या भोळ्या मुलींना फसविले गेले, आणि मी ऐकलेल्या कथेत त्यांना नावे देखील नाहीत. भाऊ मेल्यावर त्यांचे काय झाले, हेही आजीने कधी सांगितले नाही. बीळ इतके पक्के बंद, की घरचे कोणी बोलल्याखेरीज देवालाही दार सापडेना; तेवढ्यासाठी कथेला बहिणी लागल्या, इतकेच.

खाली कमळजादेवीच्या देवळापाशी एक विहीर आहे. तिचे अर्धे पाणी गोड व अर्धे खारट म्हणतात, म्हणून तिला सासू-सुनेची विहीर हे नाव. यातली खारट कोणती, हे मी कोणाला विचारलेले नाही.