दंतकथा आणि कागद

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मुलांच्या खेळांचे एखादे फाटके पुस्तक, सिगारेटच्या पाकिटातील चित्र किंवा सामन्याचे धावपत्रक हीदेखील इतिहासाची साधनेच होत. अमेरिकेत बेसबॉलविषयीची जुनी पुस्तके, चित्रे आणि खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या जमविणाऱ्यांची दीर्घ परंपरा आहे. वरवर पाहता हा छंद पोरकट वाटेल. तथापि एका बलाढ्य राष्ट्राने अभिमानाने जोपासलेली दंतकथा अशाच जपून ठेवलेल्या पुस्तकांनी निकालात काढली. ती हकीकत मनोरंजक तर आहेच, पण आपणांसही काही शिकविणारी आहे.

या परंपरेचा आद्य पुरुष हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज. इंग्लंडातील एक्झिटर येथे १८२४ साली जन्मलेला हा गृहस्थ बालपणीच अमेरिकेत गेला आणि क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रे लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळला. या खेळाचे पहिले वार्षिक मार्गदर्शक पुस्तक त्याने १८६० साली संपादित केले. किंमत दहा सेंट. सामन्याचा सारा तपशील एका छोट्या तक्त्यात मांडण्याची पद्धती त्यानेच रुजविली. धावपत्रके, कात्रणे, नियमपुस्तिका असे जे जे हाती आले ते ते त्याने जपून ठेवले. बेसबॉल हा ‘राउंडर्स’ या इंग्रजी पोरखेळातून निघाला, असे त्याचे ठाम मत होते.

त्याचा स्नेही अल्बर्ट स्पॉल्डिंग यास मात्र हे मत मुळीच रुचले नाही. स्पॉल्डिंग हा पूर्वीचा नामांकित खेळाडू आणि पुढे क्रीडासाहित्याचा मोठा कारखानदार. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ अमेरिकेतच जन्मला असला पाहिजे, असा त्याचा आग्रह. त्याच्या पुढाकाराने १९०५ साली मिल्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. डिसेंबर १९०७ मध्ये समितीने निर्णय दिला, की अ‍ॅब्नर डबलडे याने १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी बेसबॉलचा शोध लावला. यास आधार कोणता? तर अ‍ॅब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध खाण-अभियंत्याने आठवणीवरून लिहून पाठविलेला मजकूर! १८३९ साली हे साक्षीदार अवघे पाच वर्षांचे होते. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात विद्यार्थी होता. पुढे तो यादवी युद्धात सेनानी म्हणून गाजला, आणि वीरपुरुषाच्या नावाने सांगितलेली गोष्ट लोकांस नेहमीच पटकन पटते.

दंतकथेस एकदा सरकारी थाटाचा शिक्का बसला की तिला पुरावेही आपोआप फुटू लागतात. कूपर्सटाउनजवळच्या एका घराच्या माळ्यावर एक जुनाट, फाटका चेंडू सापडला. स्टीफन क्लार्क या धनिकाने तो १९३५ साली पाच डॉलरना विकत घेतला आणि तो ‘डबलडेचा चेंडू’ म्हणून प्रसिद्धीस आला. कथित शोधाची शताब्दी साधून १९३९ साली त्याच गावी बेसबॉलचे संग्रहालय समारंभपूर्वक उघडण्यात आले.

गंमत अशी, की त्याच १९३९ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील रॉबर्ट हेंडरसन या ग्रंथपालाने या कथेचा पायाच उखडला. त्याने केले ते इतकेच: मुलांच्या खेळांची जुनी पुस्तके शोधून शेजारी शेजारी ठेवली. १८२८ साली लंडनच्या एका पुस्तकात राउंडर्सचे नियम छापले होते. १८३४ साली बॉस्टनमधील एका पुस्तकात जवळजवळ तेच नियम चेंडूफळीच्या एका खेळाखाली उतरून घेतलेले आढळले. म्हणजे डबलडेच्या तथाकथित शोधापूर्वीच हा खेळ अमेरिकेत छापील रूपाने अवतरला होता! त्याहूनही जुना उल्लेख लंडनच्या जॉन न्यूबेरीने १७४४ साली काढलेल्या बालपुस्तकातला. त्यात ‘बेस-बॉल’ हे नावच दिलेले आहे. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही, कारण मुलांची पुस्तके मुले वाचतात आणि फाडतात. पुढील आवृत्त्यांच्या मोजक्या प्रती कोणी तरी सांभाळल्या म्हणून सत्य टिकले. याच पुराव्याने पुढे चॅडविकच्या मतासही मुरड घातली, कारण छापील पुस्तकांत ‘बेस-बॉल’ हे नाव ‘राउंडर्स’पेक्षा जुने ठरते. कागद कोणाचीही भीड धरीत नाही.

दैवाचा खेळ पाहा. १९०८ साली चॅडविक वारला तेव्हा त्याचा ग्रंथसंग्रह स्पॉल्डिंगकडे गेला, आणि स्पॉल्डिंगच्या पश्चात त्याच्या पत्नीने १९२१ साली तो सारा संग्रह न्यूयॉर्कच्या त्याच ग्रंथालयास अर्पण केला. ज्याने दंतकथा रुजविली त्यानेच संशोधकांसाठी साधनेही राखली.

संग्राहकांत निरिच्छ वृत्तीचे लोकही झाले. सिरॅक्यूस येथील जेफरसन बर्डिक हा कारखान्यातील साधा कामगार, संधिवाताने जर्जर झालेला. पाकिटांतून येणारी चित्रे जमवून त्याने त्यांची वर्गवारी केली; ती आजही प्रमाण मानतात. तीन लाखांहून अधिक वस्तूंचा आपला संग्रह त्याने मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला, स्वतः बसून चिकटवह्यांत लावला, आणि जानेवारी १९६३ मध्ये काम संपविल्यानंतर दोनच महिन्यांनी तो निवर्तला. त्याच वर्गवारीतले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक सिगारेट-चित्र २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकले गेले.

जेथे पैसा येतो तेथे लबाडीही येते. जो जॅक्सन हा विख्यात खेळाडू जेमतेम सही करू शके, त्याच्या वतीने पुष्कळदा पत्नीच सही करी. म्हणून त्याची खरी स्वाक्षरी दुर्मीळ. अशा स्वाक्षऱ्या मग ‘तयार’ होऊ लागल्या. १९९०च्या दशकात अमेरिकन तपासयंत्रणेने एक मोठी टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या बनावट सहीचे बेसबॉलही हाती लागले! जुन्या वस्तूबरोबर ती कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद नसेल, तर तिची किंमत शून्य, हा धडा तेथील संग्राहकांनी त्यातून घेतला.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन पत्रांस अधिक मान दिला, तो याच न्यायाने. परप्रांतात नांदणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मंडळांचा इतिहास तर बहुतांशी आठवणींवरच उभा असतो. पहिल्या गणेशोत्सवाची निमंत्रणपत्रिका, नाटकाचे हस्तपत्रक, वर्गणीची पावती, सभेचे इतिवृत्त ही सारी घरातील जुन्या ट्रंकांत पडून असतात आणि बदलीच्या वेळी रद्दीत जातात. पन्नास वर्षांनी कोणी विचारील, तेव्हा आपल्यातीलच एखादे ग्रेव्ह्ज आजोबा आठवेल ते सांगतील आणि तेच खरे ठरेल. तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपली ट्रंक एकदा उघडावी, छायाचित्रांच्या पाठीवर नावे व सन लिहावेत आणि ते कागद मंडळाच्या कपाटात आणून ठेवावेत, अशी नम्र विनंती आहे.