मिलनोत्तर बदल (कीटक)

मिलनोत्तर बदल म्हणजे नराशी मिलन झाल्यानंतर मादी कीटकाच्या शरीरक्रियेत, प्रजननात आणि वर्तनात घडून येणारे बदल होत. मिलनानंतर बहुतेक मादी कीटकांत अंडी परिपक्व होण्याचा व घालण्याचा वेग वाढतो आणि दुसऱ्या नराला प्रतिसाद देण्याची वृत्ती काही काळापुरती किंवा कायमची ओसरते. अनेक जातींत आहार, झोप, गंधाची आवड आणि आयुर्मान यांवरही परिणाम होतो. हे बदल केवळ शुक्राणू मिळाल्यामुळे होत नाहीत. नराच्या रेतद्रवातील प्रथिने, पेप्टाइडे व हॉर्मोने यांचा त्यांत मोठा वाटा असतो. डास आणि पिकांवरील किडी यांच्या नियंत्रणाशी या विषयाचा जवळचा संबंध आहे.

सामान्य स्वरूप

मादी कीटक मिलनात मिळालेले शुक्राणू लगेच वापरून टाकत नाही. तिच्या शरीरातील शुक्रग्राहिका या पिशवीसारख्या अवयवात ते साठवले जातात आणि अंडे बाहेर पडताना थोडे थोडे वापरले जातात. त्यामुळे एका मिलनावर मादी कित्येक दिवस, तर मुंग्या व मधमाश्या यांच्या राण्या कित्येक वर्षे फलित अंडी घालू शकतात. शुक्राणूंचा साठा झाल्यावर पुढील मिलनाची गरज कमी होते आणि अंड्यांसाठी अन्न व योग्य जागा शोधण्याची गरज वाढते. मिलनोत्तर बदलांमुळे मादीचे शरीर व वर्तन या नव्या गरजांशी जुळते.

ड्रोसोफिलामधील बदल

या विषयाचा सर्वांत सखोल अभ्यास ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या कीटकावर झाला आहे. पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी बारीक चिलटे याच गटातील होत. आंबा, पेरू इत्यादी फळांत अळ्या करणारी फळमाशी निराळ्या कुलातील आहे.

कुमारी मादी फार थोडी अंडी घालते आणि नराच्या प्रणयाराधनाला सहसा प्रतिसाद देते. मिलनानंतर काही तासांतच हे चित्र उलटते. ती मोठ्या संख्येने अंडी घालू लागते आणि जवळ येणाऱ्या नराला अंडनिक्षेपक अवयव बाहेर काढून, लाथा मारून किंवा दूर जाऊन नकार देते. तिचे खाणे वाढते. विशेषतः प्रथिनांचा स्रोत असलेले यीस्ट आणि मीठ यांची ओढ वाढते. दुपारची झोप कमी होते. अन्नाच्या जागेवरून इतर माद्यांशी होणारी भांडणे वाढतात. आतड्याचा आकारही वाढतो आणि त्यामुळे अंडी तयार करण्यासाठी लागणारी पोषकद्रव्ये मिळवणे सुकर होते.

यंत्रणा

ड्रोसोफिलाच्या नरातील साहाय्यक ग्रंथींमध्ये रेतद्रवातील अनेक प्रथिने तयार होतात. आजवर अशी दोनशेहून अधिक प्रथिने ओळखली गेली आहेत. ओव्ह्युलिन हे प्रथिन पहिल्या दिवसात अंडाशयातून अंडी सुटण्यास चालना देते. दुसरी काही प्रथिने शुक्राणूंची साठवण सुलभ करतात.

यांपैकी सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे सेक्स पेप्टाइड. अवघ्या ३६ अमिनो आम्लांच्या या साखळीचे वर्णन झुरिक येथील संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. हे पेप्टाइड कुमारी मादीला टोचले असता, मिलन न होताही ती नराला नाकारते आणि अंडी घालू लागते. मात्र हा परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरतो. नैसर्गिक मिलनानंतर तो आठवडाभर टिकतो. या फरकाचे कारण पुढे स्पष्ट झाले. सेक्स पेप्टाइड शुक्राणूंच्या शेपटीला चिकटून मादीच्या शरीरात साठवले जाते आणि तेथून हळूहळू सुटे होते. शुक्राणूंचा साठा शिल्लक असेपर्यंत संदेश मिळत राहतो. साठा संपत आला की मादी पुन्हा मिलनास तयार होते.

मादीच्या शरीरात हा संदेश घेणारा ग्राही २००८ मध्ये ओळखला गेला. तो ज्या पेशींत नसतो, अशा माद्या मिलन झाल्यावरही कुमारीसारख्या वागतात. प्रजननमार्गातील मोजक्या संवेदी चेतापेशी पेप्टाइडची दखल घेतात. पेप्टाइडमुळे त्यांची क्रियाशीलता मंदावते आणि हा बदल उदरातील चेताकेंद्रामार्गे मेंदूपर्यंत पोहोचतो. सेक्स पेप्टाइडमुळे ज्युवेनाइल हॉर्मोनची निर्मितीही वाढते. हे हॉर्मोन अंड्यांची वाढ आणि आतड्याचा विस्तार या दोन्हींस कारणीभूत ठरते.

इतर कीटकांतील उदाहरणे

डास: डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी सहसा आयुष्यात एकदाच मिलन करते. नराच्या साहाय्यक ग्रंथींतील द्रव्यामुळे ती पुढील नरांना नाकारते, हे जॉर्ज क्रेग यांनी १९६७ मध्ये दाखवले. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलीस गॅम्बी या डासाचा नर मादीच्या प्रजननमार्गात घट्ट बुचासारखा पदार्थ सोडतो. त्यातून मादीला एक्डायसोन गटातील हॉर्मोन मिळते. त्यामुळे अंड्यांच्या विकासास मदत होते आणि पुनर्मिलनाची वृत्ती नाहीशी होते.

पतंग: हेलिकोव्हर्पा झिया या अमेरिकेतील पतंगाची मादी रात्री गंधद्रव्य सोडून नरांना बोलावते. मिलनानंतर नराकडून आलेल्या पेप्टाइडमुळे गंधद्रव्याची निर्मिती थांबते. हरभरा व तुरीवरील घाटेअळीचा पतंग याच प्रजातीतील आहे. स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस या पतंगाच्या कुमारी मादीला फुलांचा वास आकर्षित करतो. मिलनानंतर तिला ज्या झाडावर अंडी घालायची त्याच्या पानांचा वास अधिक आकर्षक वाटू लागतो.

फुलपाखरे: हेलिकोनियस गटातील नर मादीला असा गंध देतात की इतर नर तिच्यापासून दूर राहतात. अपोलो फुलपाखरांचे नर मादीच्या उदराच्या टोकाशी बाहेरून दिसणारे बूच बसवतात. येथे मादीचे वर्तन बदलण्याऐवजी दुसऱ्या नराचा मार्गच अडवला जातो.

रातकिडे: काही जातींत नराच्या रेतासोबत प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे एंझाइम मादीच्या शरीरात जाते. त्यापासून तयार झालेले प्रोस्टाग्लँडिन अंडी घालण्यास चालना देते.

मधमाश्या आणि मुंग्या: मधमाश्यांची राणी आयुष्याच्या आरंभी काही उड्डाणांत अनेक नरांशी मिलन करते आणि नंतर पुन्हा कधीही करत नाही. तिचे अंडाशय वाढतात आणि तिच्या शरीरगंधात फरक पडल्याने कामकरी माश्यांचे तिच्याशी असलेले वर्तनही बदलते. पावसाच्या सुरुवातीला उडणाऱ्या पंखवाल्या मुंग्यांतील राणी मिलनानंतर स्वतःचे पंख गाळून टाकते. अनेक जातींत निकामी झालेले उड्डाणस्नायू विरघळून पहिल्या पिलांच्या पोषणास उपयोगी पडतात.

लैंगिक संघर्ष

मिलनोत्तर बदल नर व मादी दोघांच्याही हिताचे असतात, असे नेहमीच म्हणता येत नाही. मादीने दुसऱ्या नराशी मिलन न करणे आणि शक्य तितकी अंडी लवकर घालणे यांत पहिल्या नराचा लाभ असतो. मादीच्या दृष्टीने मात्र त्यामुळे आयुष्य घटू शकते. ट्रेसी चॅपमन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ड्रोसोफिलावरील प्रयोगांतून दाखवले की वारंवार मिलन झालेल्या माद्यांचे आयुष्य घटण्यामागे साहाय्यक ग्रंथींतील स्राव हे कारण आहे. पुढे सेक्स पेप्टाइडचा या हानीत वाटा असल्याचे सिद्ध झाले.

विल्यम राइस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे ४० पिढ्या नरांची उत्क्रांती चालू ठेवली, परंतु माद्यांची रोखून धरली. हे नर प्रजननात अधिक यशस्वी ठरले आणि त्यांच्याशी मिलन झालेल्या माद्यांत मृत्यूचे प्रमाण वाढले. १९९९ मधील प्रयोगात उलट बाजू दिसली. अनेक पिढ्या एक नर व एक मादी अशा जोड्या ठेवल्यावर नर मादीला कमी घातक झाले. मादीचे हित व नराचे हित येथे एक झाल्याने असे घडले. यावरून मादीही निष्क्रिय नसून नराच्या रासायनिक प्रभावाला प्रतिकार करण्याची क्षमता तिच्यात उत्क्रांत होते, असे मानले जाते.

उपयोग

वंध्य कीटक तंत्रात किरणोत्साराने वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडले जातात. एडवर्ड निप्लिंग व रेमंड बुशलँड यांनी ते स्क्रूवर्म या जनावरांच्या जखमांत अळ्या करणाऱ्या माशीविरुद्ध विकसित केले. १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर ते यशस्वी झाले. या माशीची मादी सहसा एकदाच मिलन करते. त्यामुळे वंध्य नराशी मिलन झालेली मादी पुढे निष्फळ अंडीच घालते. वंध्य नराच्या रेतद्रवानेही मादीची पुनर्मिलनाची वृत्ती दडपली गेली पाहिजे, अन्यथा ती दुसऱ्या, जननक्षम नराकडे वळते आणि तंत्राचा प्रभाव घटतो.

मिलन रोखणे हा दुसरा मार्ग होय. महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीसाठी लावले जाणारे कामगंध सापळे मादीच्या कृत्रिम गंधाने नर पतंगांना पकडतात. प्रादुर्भावाचा अंदाज घेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. हाच गंध शेतभर पसरवला तर नरांना मादी सापडत नाही. मिलन न झालेल्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघत नाहीत आणि पिकाचे नुकसान टळते.

हे सुद्धा पहा

कीटक
ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर
एडिस इजिप्ती
लैंगिक निवड
कामगंध सापळा
गुलाबी बोंडअळी