काळी मिरी, लाल मिरची

१९१५ साली फ्रान्समधून आलेल्या भारतीय शिपायांच्या पत्रांत मसाल्याचा विषय निघतो. काळी मिरी जवळजवळ संपली, आता लाल मिरची वापरतायत. वाचताना किराण्याचा हिशोब वाटेल. पण काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. इतकं सोपं एन्क्रिप्शन, की कोड लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला आधी हसूच आलं. सेन्सॉरनेही ते लगेच ओळखलं होतं. म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचलं.

सप्टेंबर १९१४च्या शेवटी भारतीय फौज मार्सेय बंदरात उतरली आणि महिन्याभरात थेट खंदकांत गेली. अंगावर सुती गणवेश, समोर युरोपचा हिवाळा. हातबॉम्ब पुरेसे नव्हते, तर जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटकं भरून ते तिथेच बनवले जात. (आपण याला जुगाड म्हणून कौतुक करतो. चिखलात उभं राहून तो डबा पेटवणाऱ्याला काय वाटत असेल?)

या शिपायांपर्यंत राजद्रोही मजकूर पोचेल, ही सरकारला धास्ती. म्हणून हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली टपाल तपासणारं कार्यालय निघालं. आठवड्याला हजारो पत्रं. निवडक उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडायचे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

त्यांत काय नाही? एकजण लिहितो, हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे. कुणाला महाभारत आठवतं. बरेचसे शेतकऱ्यांचे पोर, त्यामुळे प्रेतं दिसतात तीही कापणीनंतर शेतात पडलेल्या पेंढ्यांसारखी. कुणी भावाला आडून सुचवतो, भरती होऊ नकोस. आणि मधेच कुणी कौतुकाने कळवतो, इथल्या मुली शाळेत जातात, आपल्याही पाठवा.

पण हा आवाज नक्की कुणाचा? अनेकांना लिहिता येत नव्हतं. शिपाई सांगणार, दुसरा कुणी लिहिणार, सेन्सॉरच्या कचेरीत भाषांतर होणार, त्यातलाही तुकडाच उरणार. पत्र आधी आपला अधिकारी वाचणार आणि नंतर गावात ते चारचौघांत मोठ्याने वाचलं जाणार, हे सांगणाऱ्याला माहीत. मूळ पत्रं बहुतेक गेली. म्हणजे ज्याने तोंड दाबलं, त्याच्याच दप्तरात आवाज शिल्लक राहिला. मला याचा राग येतो, आणि त्या कारकुनी चिकाटीचे आभारही मानावेसे वाटतात.

मराठी माणूस यात कुठे? खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला न्यूव्ह शापेल गावात घराघरांतून लढल्या. खंदक खणणं, पूल बांधणं हे त्यांचं काम. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं पुढे धाडलं. त्यांचे बहुतेक सगळे गोरे अधिकारी पडले. मराठा पलटणी मात्र मेसोपोटेमियात होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही कूतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोड्याचं मांस आणि मूठभर पीठ, मग शरणागती, मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट. वेढ्यातून टपाल बाहेर पडणंच शक्य नव्हतं. सेन्सॉर करायलाही काही नाही.

एक आवाज मात्र खरोखरचा उरलाय. बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या छावणीत जर्मन भाषातज्ज्ञ युद्धकैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करत. ११ डिसेंबर १९१६ला मल्लसिंग नावाचा कैदी त्या भोंग्यासमोर उभा राहिला आणि स्वतःबद्दल 'एक माणूस होता' असं गोष्टीसारखं पंजाबीत बोलू लागला. तो हिंदुस्थानात लोणी खायचा. मग तो इंग्रजांच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडलं. त्याला घरी जायचंय. परत गेला तर पुन्हा तेच खायला मिळेल, आणखी दोन वर्षं इथे काढली तर तो मरेल. सगळं मिळून दीडेक मिनिटाचं, आपल्या एका व्हॉइस नोटएवढं.