मांत्रिकाचे सहा कप्पे

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक कज्जा उपस्थित झाला आणि त्यांत मला पंच नेमण्यांत आलें. आमचे वडील बंधु, दादा, ह्यांची फिर्याद अशी होती कीं, त्यांचा मुलगा रात्रीं अभ्यास आटोपल्यावर संगणकावर 'लीग ऑफ लेजेंड्स' नांवाचा खेळ खेळतो, आणि त्या खेळांतील मांत्रिकानें कोणत्या वस्तू कोणत्या क्रमानें विकत घ्याव्या ह्याचीं टिपणें एका वहींत लिहून ठेवतो. ती वही दादांच्या हातीं लागली होती. परीक्षेच्या विषयांचीं टिपणें इतकीं नीटनेटकीं त्यानें कधीं काढलीं नाहींत, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. मुलाचें म्हणणें एवढेंच होतें कीं, "काका, निकाल द्यायचा तर आधीं वही वाचा." पुरावा न पाहतां निकाल देणें पंचास शोभत नाहीं, म्हणून मीं ती वही वाचली, वाचून उमगेना, म्हणून त्याच्या शेजारीं बसून कांहीं डाव पाहिले, आणि अखेर ह्या मांत्रिकाचा पूर्वेतिहास शोधीत बसलों. त्या शोधांत जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

ह्या मांत्रिकाचें कूळ पाहूं गेल्यास तें संगणकाच्या पडद्यावर नव्हे, तर कागद, पेन्सिल आणि फांसे ह्यांच्या भोंवतीं जन्मास आलेलें आढळतें. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत खेळणारानें योद्धा, धर्मोपदेशक किंवा मांत्रिक ह्यांपैकीं एकाची भूमिका घ्यावयाची असे. मांत्रिकावरील बंधनें मोठीं कडक होतीं. चिलखत त्याला वर्ज्य. शस्त्र म्हणावें तर एक कट्यार. त्याचे मंत्रही असे कीं, ते आधीं पाठ करून ठेवावे, आणि एकदां उच्चारले कीं स्मृतींतून पुसले जावे. ही मंत्र विसरण्याची कल्पना जॅक व्हान्स ह्या लेखकाच्या १९५० सालीं निघालेल्या 'द डाइंग अर्थ' ह्या पुस्तकावरून घेतलेली आहे.

आपणांस ही व्यवस्था परकी वाटण्याचें कारण नाहीं. कर्णानें अंगचीं कवचकुंडलें उतरून इंद्राच्या हातीं दिलीं आणि त्यांच्या मोबदल्यांत एकदांच चालणारी शक्ति घेतली. ती त्यानें अर्जुनासाठीं जपून ठेविली, आणि रात्रीच्या युद्धांत ती घटोत्कचावर खर्च करणें त्याला भाग पडलें. संरक्षण देऊन सामर्थ्य घ्यावयाचें, आणि तें सामर्थ्य केव्हां खर्चावें ह्या विवंचनेंत सारें युद्ध कंठावयाचें, हीच मांत्रिकाची मूळ प्रकृति होय. पुढील पन्नास वर्षांत खेळांचीं रूपें पालटलीं, परंतु ही प्रकृति पालटली नाहीं.

दूरदूरच्या माणसांनीं एकाच वेळीं एकाच कल्पित जगांत वावरावें, ही सोय इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत झाली. तेथील रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्यानें १९७८ सालीं 'मड' नांवाचा खेळ रचण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल ह्यानें तो पुढें चालविला. त्यांत चित्रें नव्हतीं, केवळ शब्द होते. गंमत अशी कीं, तेथें मांत्रिक ही प्रथमपासून मिळणारी भूमिका नसून, पुष्कळ गुण मिळविल्यावर लाभणारी सर्वोच्च पदवी होती. जो त्या पदास पोंचला त्याला इतर खेळणारांवर विशेष अधिकार प्राप्त होत. अर्थात् तेथें मांत्रिक दुर्बळ नव्हता. परंतु तेथें त्याला बरोबरीचा शत्रूही नव्हता, आणि शत्रु नसेल तर आयुधांच्या निवडीला अर्थ काय?

तो अर्थ प्राप्त झाला तो पुढील शतकांत. २००२ सालीं ब्लिझर्ड ह्या कंपनीनें 'वॉरक्राफ्ट'चा तिसरा भाग काढला. त्यांत सैन्याबरोबर वीर असत, आणि प्रत्येक वीराजवळ वस्तू ठेवण्यास सहा कप्पे असत. त्याच खेळाबरोबर नवे नकाशे रचण्याचें साधनही लोकांच्या हातीं देण्यांत आलें होतें. त्याचा उपयोग करून २००३ सालीं 'यूल' असें टोपणनांव घेणाऱ्या एका रचनाकारानें 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स', संक्षेपानें 'डोटा', हा नकाशा तयार केला. पुढें 'गिन्सू' ऊर्फ स्टीव्ह फीक ह्यानें, व नंतर 'आइसफ्रॉग' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रचनाकारानें त्याचा विस्तार केला. पांच गडी एका बाजूस, पांच दुसऱ्या बाजूस. मध्यें तीन वाटा. त्या वाटांनीं आपोआप चालत येणारे शिपाई. आणि शेवटीं शत्रूचें मुख्य स्थान पाडावयाचें, असा हा मांड होता. शिपायास जो शेवटचा घाव घालील त्याला मोहरा मिळत, आणि त्या मोहरांनीं दुकानांतून वस्तू घ्यावयाच्या. कप्पे मात्र तेच सहा राहिले.

डोटामध्यें मांत्रिकाची एक मोठी अडचण होती. योद्ध्यानें चांगली तलवार घेतली कीं त्याचा प्रत्येक घाव अधिक जड होई. परंतु मंत्राचा आघात बहुतेक ठिकाणीं ठरलेल्या अंकाचाच राही. त्यामुळें डावाच्या आरंभीं मांत्रिक प्रतापी असे, आणि जसजसा वेळ जाई तसतसा तो फिका पडत जाई. म्हणून त्याच्या कप्प्यांत बळ वाढविणाऱ्या वस्तूंपेक्षां संकटनिवारक वस्तू अधिक असत. शत्रूला क्षणभर क्षुद्र प्राणी करून टाकणारा एक कोयता होता, त्याला गिन्सूचें नांव होतें. शत्रूला वावटळींत उचलून धरणारा एक राजदंड होता, त्याला यूलचें नांव होतें. ग्रंथकारांनीं आपलीं नांवें ग्रंथाच्या पहिल्या पानावर घालावीं, त्याप्रमाणें ह्या रचनाकारांचीं नांवें आयुधांस जडलेलीं आहेत.

ऑक्टोबर २००९ मध्यें रायट गेम्स ह्या अमेरिकन कंपनीचा 'लीग ऑफ लेजेंड्स' निघाला. त्याच्या रचनाकारांत स्टीव्ह फीक हाही होता. ह्या खेळानें मांत्रिकाचें दैव पालटलें. त्यांत 'मंत्रबल' असें ज्यास म्हणतां येईल असा एक अंक घालण्यांत आला, आणि मंत्राचा आघात ह्या अंकाच्या प्रमाणांत वाढूं लागला. आतां मांत्रिक डावाच्या अखेरीसही समर्थ राहूं शकत होता, परंतु एका अटीवर: त्यानें योग्य वस्तू योग्य क्रमानें घेतल्या पाहिजेत. येथून ह्या विषयाचें एक लहानसें शास्त्रच बनलें.

पुतण्याच्या वहीचें पहिलें पान ह्याच शास्त्राचें आहे. शत्रूच्या अंगीं मंत्राचा प्रतिकार करण्याची जी शक्ति असते तिचा एक अंक असतो. शंभरांत तो अंक मिळवावा आणि त्या बेरजेनें शंभरांस भागावें, म्हणजे मंत्राचा किती अंश खरोखर लागू पडतो तें निघतें. प्रतिकार १०० असला तर निम्मा आघात वायां जातो. ३० असला तर शंभरांतील सुमारें ७७ लागू पडतात. आतां मांत्रिकापुढें दोन मार्ग असतात. एक प्रकारचे जोडे घेतले तर शत्रूच्या प्रतिकारांतून ठराविक अंक वजा होतो. तो १८ धरूं. 'व्हॉइड स्टाफ' नांवाची काठी घेतली तर प्रतिकाराचा ठराविक हिस्सा वजा होतो. तो शेंकडा ४० धरूं. ज्याचा प्रतिकार ३० आहे अशा नाजूक शत्रूवर जोडे घालून ८९ लागू पडतात, काठी घेऊन ८५. ज्याचा प्रतिकार १०० आहे अशा कणखर शत्रूवर जोड्यांनीं ५५ आणि काठीनें साडेबासष्ट. म्हणजे उत्तम वस्तु कोणती ह्या प्रश्नास उत्तरच नाहीं. समोर कोण उभा आहे हें आधीं विचारावें लागतें.

दुसरें पान क्रमाविषयीं आहे. 'रॅबॅडन्स डेथकॅप' ही टोपी मांत्रिकाच्या एकूण मंत्रबलांत टक्केवारीनें भर घालते. ती पहिली घेतली तर टक्के कशाचे? आधीं भांडवल पाहिजे, मग व्याज. त्याच टोपीचा एक घटक असलेल्या दंडाचें नांव रचनाकारांनीं विनोदानें 'निष्कारण मोठा दंड' अशा अर्थाचें ठेविलें आहे. त्याची किंमत बाराशें-साडेबाराशें मोहरा असून ती एकरकमी द्यावी लागते. दुकान आपल्या तळावर असतें. पन्नास मोहरा कमी असतां तळावर परतलें, तर दंडावांचून परत फिरावें लागतें. शेजारच्या खोलींतून "पन्नास कमी पडले!" असा जो आक्रोश दादांस ऐकूं येई, त्याचें मूळ हें होतें.

तिसरें पान मला सर्वांत मननीय वाटलें. 'झोन्याज अवरग्लास' हें एक वाळूचें घड्याळ आहे. तें वापरतांच मांत्रिक अडीच सेकंद सुवर्णमूर्तीसारखा निश्चल होतो. त्याला कोणी इजा करूं शकत नाहीं, आणि तोही कांहीं करूं शकत नाहीं. एकदां वापरल्यावर तें बराच वेळ पुनः चालत नाहीं. कवच टाकून दिलेल्या मांत्रिकाला अडीच सेकंदांचें कवच उसनें मिळतें, आणि तें केव्हां मागावें हें त्यानेंच ठरवावयाचें. ह्याच्या उलट स्वभावाचें 'मेजाईज सोलस्टीलर' हें एक स्वस्त पुस्तक आहे. शत्रु पडत गेले कीं त्याचें बळ वाढतें, आणि आपण पडलों कीं तें ओसरतें. जो पुढें आहे त्याला तें अधिक पुढें नेतें, आणि एका चुकीसरशीं कमावलेलें बरेंचसें हिरावून घेतें. वहींत त्याच्यापुढें एकच शब्द लिहिलेला होता: "मोह".

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हीं पानें पाठ केलीं म्हणजे झालें. परंतु ह्या शास्त्राची विचित्र गोष्ट अशी कीं, त्याचे सूत्रकार अजून जिवंत आहेत आणि साधारण दर पंधरवड्यास ते आपलीं सूत्रें बदलतात. आरंभीं 'झोन्याज रिंग' ही एकच अंगठी होती. मंत्रबल वाढविणें आणि निश्चल होणें हे दोन्ही गुण तिच्यांत होते. २०१० सालीं ती दुभंगून वर सांगितलेली टोपी आणि वाळूचें घड्याळ अशा दोन वस्तू झाल्या; जें एका कप्प्यांत मिळत होतें त्यासाठीं आतां दोन कप्पे द्यावे लागले. नोव्हेंबर २०२० मध्यें 'मिथिक' नांवाचा श्रेष्ठ वस्तूंचा वर्ग आला. त्यांतील एकच वस्तु एका डावांत घेतां येई, आणि पुढील सारी खरेदी तिच्या अनुरोधानें होई. त्याच वेळीं 'रॉड ऑफ एजेस' हा काळाबरोबर वाढणारा जुना दंड दुकानांतून नाहींसा झाला. २०२२च्या अखेरीस तो परत आला. आणि जानेवारी २०२४ मध्यें मिथिक हा वर्गच रद्द झाला. तीन वर्षें ज्यांनीं त्या वर्गाचा अभ्यास केला त्यांचें ज्ञान एका दिवसांत इतिहासजमा झालें.

मग ह्या विद्येंत टिकाऊ असें कांहीं आहे कीं नाहीं? दादांच्या फिर्यादीचा खरा गाभा हाच होता. ह्याचें उत्तर मला एका खेळाडूच्या चरित्रांत मिळालें. दक्षिण कोरियाचा ली सांग-ह्योक, ज्यास जग 'फेकर' ह्या नांवानें ओळखतें, तो मधल्या वाटेवर, म्हणजे जेथें बहुधा मांत्रिक उभा असतो तेथें, खेळतो. २०१३ सालीं लॉस एंजेलिस येथें त्याच्या संघानें जगज्जेतेपद जिंकलें तेव्हां तो १७ वर्षांचा होता. पुढें २०१५, २०१६, २०२३ आणि २०२४ ह्या सालींही त्यानें तें पद मिळविलें. २०२४चा अंतिम सामना लंडन येथें झाला तेव्हां त्याचें वय २८ होतें. ह्या अकरा वर्षांत दुकान किती वेळां उलटेंपालटें झालें तें वर आलेंच आहे. २०१३ सालीं जें पाठ केलें असेल तें २०२४ सालीं फारसें उपयोगी पडण्यासारखें नव्हतें. तरीही माणूस तोच जिंकला. जें टिकलें तें पाठांतर नव्हे. समोर कोण आहे, आपल्याजवळ किती आहे, आणि खर्च करण्याची वेळ आली आहे कीं नाहीं, हें ओळखणारा विवेक तो टिकला.

वहीकडे मी पुनः वळलों तेव्हां पूर्वीं न दिसलेली एक गोष्ट दिसली. कित्येक पानांवर तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघेपुढें तारीख होती, आणि तें टिपण कां रद्द झालें ह्याचें कारण एका ओळींत दिलेलें होतें. शेवटच्या पानावर लिहिलें होतें: "घड्याळ घाईनें वापरलें. खरा घाव मागून आला." मला घटोत्कच आठवला. आपलें जुनें मत तारीख घालून खोडावें, आणि आपली चूक स्वतःच्या हस्ताक्षरांत नोंदवावी, हें आमच्यापैकीं किती प्रौढांस साधतें?

तथापि पंचानें एकाच बाजूचें ऐकून चालत नाहीं. सुमारें अर्ध्या तासाचा डाव मध्येंच सोडला तर चार सोबती उघडे पडतात. म्हणून ताट वाढल्यावर हांक मारण्यांत अर्थ नसतो हें खरें, परंतु झोपेच्या वेळीं नवा डाव मांडण्यांतही अर्थ नसतो हें तितकेंच खरें. मोजक्या मोहरांत काय घ्यावें हें ज्यास कळतें, त्यास मोजक्या घटकांत काय घ्यावें हेंही कळलें पाहिजे. मीं निकाल दिला तो असा: अभ्यासाच्या दिवसांत रात्रीं एक डाव, आणि परीक्षेच्या विषयांची वही ह्याच पद्धतीनें, तारखा घालून व चुका नोंदवून, ठेवावयाची. दादांनीं तो मान्य केला. मुलानें "दोन डाव" अशी घासाघीस आरंभिली असून, प्रकरण अद्याप पुरतें मिटलें आहे असें म्हणवत नाहीं.