कासवाचा चुकलेला कोन

शाळेत संगणकशास्त्र शिकवायचे म्हणजे यंत्र हाताळायला शिकवायचे, असा समज आहे. या विषयाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज शहरात वॉली फोयरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा घडवली. पुढे तिच्या आज्ञांवर चालणारे यांत्रिक कासव आले. त्याच्याकडून समभुज त्रिकोण काढून घेताना ६० अंश वळायला सांगितले, की त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन उमटतो. मग स्वतः जमिनीवर चालून पाहिले की उमगते : वळायचे ते बाहेरच्या कोनातून, १२० अंश. इथे चुकीला गुण कापले जात नाहीत. ती शोधून दुरुस्त करायची असते.

यावरचा आक्षेप पोकळ नाही. १९८०च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना लोगो शिकलेल्या मुलांचे इतर कामांतले नियोजन सुधारलेले आढळले नाही. पण त्यातून लोगो निरुपयोगी ठरत नाही. नुसत्या आज्ञा लिहिल्याने विचार आपोआप येत नाही, एवढेच ठरते. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसह पुढे ठिपक्यांच्या पत्त्यांवर द्विमान संख्या शिकवल्या, संगणकाशिवायच. म्हणजे खरी गरज ‘असे का झाले?’ विचारणाऱ्या शिक्षकाची. यंत्राचा क्रम त्यानंतरचा.