माझं पहिलंच वाक्य खोटं होतं

कोर्टातल्या साक्षीत मी सगळं खरं सांगितलं. फक्त पहिलं वाक्य खोटं होतं.

झालं असं की, तीन वर्षांपूर्वी ऑफिसला जाताना माझ्या डोळ्यांसमोर एका टेम्पोने सिग्नल तोडून भाजीवाल्या मावशींना उडवलं. पोलिसांनी माझा जबाब घेतला. समन्स आलं गेल्या वर्षी. तोवर मावशींचा पाय कायमचा अधू झाला होता. सिग्नल लाल होता, हे सांगणारा साक्षीदार मी एकटाच.

पिंजऱ्यात उभा राहिलो. कोर्टातले कर्मचारी म्हणाले, "म्हणा, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की, खरं सांगेन."

मी देव मानत नाही. घरी हे सगळ्यांना माहीत आहे, आईने वाद घालणंही सोडून दिलंय. पण समोर मावशी बाकावर बसल्या होत्या. मनात आलं, इथे आपण तत्त्व काढून बसलो आणि साहेबांचं मत बिघडलं तर? नुकसान माझं नाही, मावशींचं होईल. मुकाट्याने म्हणून टाकलं. उलटतपासणीला पुढची तारीख पडली.

त्या रात्री झोप येईना. ज्या देवाला मी मानत नाही त्याला साक्षी ठेवून मी 'खरं बोलेन' म्हणालो होतो. मग मोबाइल उघडला आणि वाचत बसलो. इंजिनिअरिंगला इतिहास नसतो, त्यामुळे सगळंच नवीन होतं.

शपथेमागचं जुनं लॉजिक सोपं आहे: खोटं बोललास तर देव बघून घेईल. मराठेशाहीत आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ घेत. वाद अगदीच सुटेना तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात भाजला नाही तर तुम्ही खरे.

इंग्रजांचं लॉजिकही हेच, फक्त त्यांचा देव बायबलमधला. ख्रिश्चन नसलेल्याची साक्षच घेऊ नये, असं तिथले जुने कायदेपंडित मानत. मग 1744 मध्ये कलकत्त्याचे व्यापारी ओमीचंद यांचा खटला लंडनला पोचला. त्यांच्या हिंदू साक्षीदारांनी कलकत्त्यात ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. ती चालेल का? कोर्ट म्हणालं, चालेल. धर्म कुठलाही असो, खोट्याला शिक्षा देणाऱ्या देवावर विश्वास असला म्हणजे झालं. दार उघडलं, पण एक माणूस बाहेरच राहिला. ज्याचा कुठल्याच देवावर विश्वास नाही तो.

आता आपल्याकडे या. कंपनी सरकारच्या कोर्टांत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यायला लावत. याला आक्षेप कोणाचा होता? नास्तिकांचा नाही, श्रद्धाळू लोकांचाच. पवित्र गोष्ट कोर्टाच्या भानगडीत ओढणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं आणि त्यामुळे न्यायाचं काम अडत होतं. म्हणून 1840 च्या पाचव्या कायद्याने ही सक्ती काढली आणि तिच्या जागी प्रतिज्ञा आणली. त्या प्रतिज्ञेत देवाचं नाव होतं, पण गंगाजल आणि कुराण गेलं.

1873 चा कायदा आणखी पुढे गेला. साक्षीदार हिंदू किंवा मुसलमान असेल, किंवा त्याचा शपथेला आक्षेप असेल, तर त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची. सिनेमात आपण गीतेवर हात ठेवणारे साक्षीदार बघत मोठे झालो. पण ना या कायद्यात गीता आहे, ना आजच्या कायद्यात.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये याच काळात नास्तिकांचे हाल चालू होते. 1857 मध्ये लंडनच्या एका कोर्टात एक परदेशी माणूस चोराविरुद्ध तक्रार घेऊन आला. देव मानत नाही म्हणाला, म्हणून त्याचं ऐकूनच घेतलं नाही. 1861 मध्ये एका बाईची साक्ष याच कारणाने नाकारली गेली आणि तिच्या घरच्यांचा दावा बुडाला. तिने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर साक्ष चालली असती.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा आमच्या भाषेत सांगायचा तर हा फिल्टरच उलटा लागलाय. जो नास्तिक खोटं बोलून शपथ घेतो तो आत जातो, आणि बदनामी पत्करून खरं बोलतो तो बाहेर. हे वाचून मोबाइल खाली ठेवला. त्या फिल्टरमधून आत गेलेला माणूस मीच होतो.

1869 मध्ये इंग्लंडच्या संसदेने नास्तिकांना कोर्टात प्रतिज्ञेवर साक्ष द्यायची मुभा दिली. पण संसदेत बसायला शपथ लागायचीच. 1880 मध्ये निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ म्हणाले, मी प्रतिज्ञा करतो. नाही म्हणाले. बरं, मग शपथ घेतो. तेही नाही, कारण तुम्ही देव मानत नाही! त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. 1886 मध्ये ते अखेर शपथ घेऊन आत बसले आणि 1888 मध्ये प्रतिज्ञेचा हक्क सगळ्यांना देणारा कायदा त्यांनीच करून घेतला. त्याच वर्षी पुण्यात आगरकरांचं 'सुधारक' सुरू झालं. पुढच्या वर्षी, 1889 च्या डिसेंबरमध्ये, ब्रॅडलॉ काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईत आले होते.

आपला सध्याचा शपथ कायदा 1969 चा. त्याने धर्मानुसार केलेला भेद काढला. ईश्वराची शपथ किंवा प्रतिज्ञा, निवड साक्षीदाराची. दोन्हींचं वजन सारखं. खोटी साक्ष दिली तर दोन्हींना सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि शपथ किंवा प्रतिज्ञा राहून गेली तरी साक्ष बाद होत नाही, खरं सांगायचं बंधन राहतंच. म्हणजे आज मला बांधून ठेवतो तो देव नव्हे, कायदा. आणि समोर बसलेल्या मावशी.

पुढच्या तारखेला मी आधीच सरकारी वकिलांना सांगितलं, "सर, मला प्रतिज्ञा करायची आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "करा की. अहो, अ‍ॅडमिशनला अफिडेव्हिट केलं असेल ना? 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की'? तेच हे."

खरंच की. इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला तहसील कचेरीबाहेर मी हेच लिहून दिलं होतं, न वाचता सही ठोकून.

पिंजऱ्यात उभा राहून म्हणालो, "मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, खरं सांगेन." साहेबांनी मान वरसुद्धा केली नाही. समोरच्या वकिलांनी विचारलं ते एवढंच, "सिग्नल लाल होता हे तुम्ही किती अंतरावरून पाहिलं?"

"वीस-पंचवीस पावलांवरून," मी म्हणालो. या वेळी पहिल्या वाक्यापासून सगळं खरं होतं.